शिरवायला दिलेली तुळस

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. हिवरखेडला चौथीपर्यंत शिकले, मग शाळा सुटली आणि लिहिण्याची सवयही. हे कोणाला दाखवायचं नाही, पण कोणाच्या हाती पडलंच तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. तोंडानं मला हे कोणाजवळ बोलता येत नाही.

मी लहान झाडं बनवते. खेळातली, पण मुलांच्या खेळातली नाही. माझ्या बहिणीची मुलगी अमरावतीला राजापेठेत राहते. तिच्या ओळखीतली नोकरीवाली मोठी माणसं रविवारी टेबलावर बोटाच्या पेराएवढे शिपाई मांडून लढाई खेळतात. लढाईला मैदान लागतं, मैदानात टेकड्या आणि झाडं लागतात. भाची नोकरी सांभाळून ते सामान करून विकते आणि झाडांचं काम मला देते. मी अकोल्यात घरी बसून करते. तारेला पीळ देऊन खोड करायचं, फांद्यांना गोंद लावायचा, गादीवाल्याकडचा स्पंज बारीक करून हिरवा रंगवायचा आणि तो चिकटवायचा. आमचे हे म्हणतात, इतकी खरी लावली असती तर सावली तरी पडली असती.

मागच्या वर्षी भाचीनं जळलेल्या जंगलाची ऑर्डर घेतली. पानं नकोत, नुसती काळी उघडी झाडं. तिथं माझी तार उघडी पडली. पानांखाली पीळ झाकून जातो, पण बिनपानाचं झाड तारेचं केलं की उलट्या खराट्यासारखं दिसतं. दोनदा केली, दोनदा भाचीनं परत पाठवली. बाभळीच्या, निंबाच्या फांद्या आणून पाहिल्या. त्या फांद्याच दिसत. त्यांचे फाटे लांब लांब असतात, आणि मला तर वीतभर उंचीत अख्खं झाड हवं होतं.

आमच्या शेजारी फुलांचे हार करून विकणाऱ्या काकू राहतात. त्यांना मुलगी नाही. त्यांच्या दारातली तुळस जुनी होती, बुंधा अंगठ्यापेक्षा जाड. दर कार्तिकात तिचं लग्न त्या पोटच्या मुलीचं लावावं तसं लावत, गल्लीला जेवू घालत. त्या उन्हाळ्यात तुळस वाळली. काकूंनी आडोसा करून पाहिला, माती बदलून पाहिली, शेवटी उपटली. त्यांचे गुडघे धरले होते, म्हणून मला म्हणाल्या, "तू मोर्णेत शिरवून ये वं. तुया हातानं जाऊ दे तिले." नदीत सोडण्याला आमच्याकडे शिरवणं म्हणतात. लाल खणात गुंडाळून त्यांनी ती माझ्या हाती दिली. वर नारळ दिला आणि ऑटोचे पैसे.

नदीवर जाऊन मी हळदकुंकू वाहायला खण उघडला आणि तिथंच थांबले. तुळशीच्या एकेका फांदीत एक पूर्ण झाड होतं. फाट्याला फाटा फुटलेला, टोकाला केसासारख्या काड्या. माझं मन फिरलं. म्हटलं, पाण्यात कुजणारच आहे. नारळ सोडला आणि तुळस पदराखाली घेऊन परत आले.

दारातच काकूंनी विचारलं, नीट गेली का. मी म्हटलं, गेली. एवढ्यावर थांबायचं होतं. पण मी पुढं सांगितलं की तिनं पाण्यात एक गिरकी घेतली, जशी पोरगी मागं वळून पाहते, आणि मग गेली. काकूंनी डोळ्याला पदर लावला. त्या दिवसापासून दर शुक्रवारी मला त्यांच्याकडून गजरा येऊ लागला. मी तो माळायची.

तुळस तोडून झाडं केली, काळी रंगवली. भाची फोनवर म्हणाली की अशी झाडं कुठं पाहिली नाहीत. गिऱ्हाइकानं सगळ्या मैदानाचे पैसे लगेच दिले आणि भाचीनं ते सगळे मलाच पाठवले, कारण टेकड्याही या वेळी मीच केल्या होत्या. त्या पैशांची मी चांदीची जोडवी घेतली. स्वतःसाठी घेतलेली पहिली वस्तू.

एक झाड वाकडं म्हणून माझ्याकडेच राहिलं होतं. गजरा द्यायला आलेल्या काकूंनी ते खिडकीतून उचललं, कौतुकानं फिरवून पाहिलं. मग नखानं रंग खरवडला, काडी मोडली आणि नाकाशी नेली. सारा जन्म फुलापानांत गेलेली बाई. त्यांना विचारावं लागलं नाही.

"बाकीची कुठी हाय?"

मी सांगितलं, अमरावतीला. कशाला गेली तेही सांगितलं. मान वर करता येईना.

"मले मांगितली काहून नाई?"

मी खाली सांडलेला रंगाचा चुरा पदरानं पुसला.

"देली नसती मी," काकू म्हणाल्या. "पण मांगाले तर पायजे होतं. अन् ते गिरकीचं कायले सांगतलं?"

त्या गजरा घेऊन परत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की माझी तुळस मला आणून दे, मी पाहीन काय करायचं ते.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं अमरावतीला गेले. भाचीला आधी हसू आलं. "मावशी, वाळकी काडी आहे ती. त्या माणसाला काय सांगू, झाडांची आई आली न्यायला?" मग माझ्याकडे पाहून तिनं फोन लावला. तो माणूस भला, झाडं द्यायला तयार झाला. पण जंगलाशिवाय मैदान त्याच्या कामाचं नव्हतं, त्यामुळे पैसे पूर्ण परत मागितले. ते चूकही नव्हतं. भाचीनं स्वतःच्या पगारातून भरले. जोडवी एकदा घातली की सवाष्णीनं काढायची नसतात, म्हणून ती विकताही येईनात. वयानं माझ्या अर्धी पोरगी, आणि मी तिची देणेकरी झाले.

झाडं आणून काकूंपुढे ठेवली. रंगासकट त्या नदीत सोडणार नव्हत्या. त्यांनी ब्लेड दिलं, समोर पाटावर बसवलं, आणि मी एकेक फांदी खरवडत गेले. बारीक काड्या तुटायच्या, त्या काकू वेचून खणात ठेवायच्या. मध्ये चहा झाला. गल्लीतल्या बायांनी विचारलं तर काकू म्हणाल्या, तुळस साफ करून राहिलो. यापेक्षा जास्त त्यांनी कोणाला सांगितलं नाही, तेच मला जड गेलं.

नदीवर त्या स्वतः आल्या. गुडघे दुखत होते तरी पायऱ्या उतरल्या, आधाराला माझा खांदा धरला, पण खण माझ्या हाती दिला नाही. तुकडे सुटे सुटे पांगले. गिरकीबिरकी काही नाही. आजही दारातून जाता-येता त्या बोलतात, भाजीची वाटी पाठवतात. कुठं काही पोचवायचं असलं तर मात्र दुसऱ्या कोणाला सांगतात.

मी पुन्हा तारेकडे वळले. जुन्या वायरीतल्या बारीक तारा उकलून टोकं करायला शिकले. तुळशीइतकं साधत नाही, पण खराटाही दिसत नाही. प्रत्येक ऑर्डरीतून भाची थोडे पैसे कापून घेई आणि मला आठवण करून द्यायला लाजत असे. त्याची मला आणखी लाज वाटे. शेवटचे राहिले ते मी कापू दिले नाहीत. रोख घेऊन राजापेठेत गेले आणि तिच्या हातात ठेवले. ती पर्समध्ये टाकायला निघाली.

मी म्हटलं, मोज.

"मावशी, राहू दे ना."

मी उभीच राहिले. मग तिनं मोजले. पुरे होते.