मावशीचा नकाशा

माझी मावशी शिडं शिवायची. बेटावर ज्याच्याकडे होडी, त्याला कधी ना कधी तिच्या दुकानाची पायरी चढावी लागे, आणि एकदा चढला की तिच्या तावडीतून जेवल्याशिवाय सुटलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

आम्ही ज्यू लोक बेटावर विखुरलेले होतो. कोण कुठे राहतं, हे एकमेकांनाही धड ठाऊक नव्हतं. मावशीने दुकानावरची खोली प्रार्थनेसाठी मोकळी केली, शिडाच्या कापडाचे पडदे शिवले, दहा घरच्या दहा तऱ्हांच्या खुर्च्या जमवल्या आणि सुताराला बोलावून खालच्या दाराची कडी काढायला लावली. सुतार आमच्यातलाच, जरा भित्रा.

"बाई, चोर शिरतील."

"शिरू देत. प्रार्थनेला दहा जण लागतात. चोर तर चोर, पण माणूस तरी येईल!"

कडीच्या स्क्रूंची चार भोकं तिने दोऱ्याला लावायच्या मेणाने बुजवली. त्या दिवशी ती इतकी खूश होती की मला हसू आवरेना.

मग तिने नकाशा काढला. नवख्या पाहुण्याने बेटावर एकट्याने जेवू नये, म्हणून शिडाच्या उरलेल्या तुकड्यावर आमची सगळी घरं तिने शाईने दाखवली. बाजूला बारीक अक्षरात सूचनाही लिहिल्या. 'इथे म्हातारे मास्तर एकटेच असतात, अवश्य जा.' 'सुताराकडे मागच्या दाराने या.' प्रत्येक पाहुण्याच्या हातात ती असा एक तुकडा ठेवी. मला याचा फार अभिमान होता, हे आज लिहितानाही कबूल करते.

एका शनिवारी राखाडी कोटातला एक पाहुणा आला. आपल्यातलाच आहे म्हणाला. आवाज मऊ, बूट महागाचे. मावशीने त्याला खिडकीजवळची खुर्ची दिली, पाव दिला, नकाशा दिला. तो लागोपाठ तीन शनिवार आला. प्रार्थनेत त्याचे ओठ हलायचे, पण पुस्तकाचं पान उलटायचं नाही. मला ते खटकलं होतं. मावशी म्हणाली, "अगं, विसरला असेल. म्हणूनच तर आलाय ना?"

आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत. मोजलेल्या माणसांवर वाईट नजर पडते, असं थोरले सांगत. दहा झाले का ते बघायला धर्मग्रंथातलं दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं, एकेका माणसाला एकेक शब्द. बोलायला शिकलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

तिसऱ्या शनिवारी सगळे जिना उतरत असताना पाहुणा दाराशी उभा होता. त्याचं बोट हळूच हलत होतं. "नऊ, दहा, अकरा..."

मी मावशीकडे पाहिलं. तिनेही ऐकलं होतं.

तो गेल्यावर सुतार म्हणाला, "उद्याच कडी बसवतो."

"नाही. तो आपल्यातला नाही, एवढंच कळलं. दार काय फक्त आपल्यातल्यांसाठी ठेवलंय?"

"पण तो खोटं बोलला, बाई. आणि मोजतोय कशाला?"

तरी ती हट्टाला पेटली आणि कडी बसली नाही.

मंगळवारी सुताराच्या मागच्या दारावर खडूने चारचा आकडा लिहिलेला सापडला. त्याच्या घरात तेवढीच माणसं. मास्तरांच्या दारावर एक. मावशी आणि मी ओली फडकी घेऊन दारोदार फिरलो. एकही घर सुटलं नव्हतं. ती वाटेत एकाही ओळखीच्या माणसाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आकडे पुन्हा होते.

चौथ्या शनिवारी सुताराकडचं कोणी आलं नाही. मास्तर काठी टेकत आले, आणखी दोघं आली, बस्स. मावशीने वचन म्हटलं, तर निम्मे शब्द उरले. प्रार्थना होणार नव्हती. तरी ती खुर्च्या सरळ करत राहिली. एवढ्या वर्षांत जोडलेली माणसं तिच्या डोळ्यांदेखत पांगत होती.

जिन्यावर बूट वाजले. पाहुणा नेहमीच्या खुर्चीवर जाऊन बसला.

मावशीने सवयीने त्याच्यापुढे पाव ठेवला. मग त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "मी दिलेला नकाशा मला परत हवाय."

"नकाशा?" त्याने पावाचा तुकडा मोडला. "फार छान काढलाय तुम्ही. तो मी पुढे दिला."

"कोणाला?"

तो सावकाश चावत राहिला. मास्तरांनी काठी घट्ट धरली. खिडकीतून धक्का दिसत होता. बोट लागली होती, आणि एरवी चार-दोन माणसं उतरायची तिथे आज रांग संपत नव्हती. पुढच्याच्या हातात शिडाच्या कापडाचा तुकडा होता.

मावशीनेही ते पाहिलं. माझ्याकडे वळून ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "खाली जा. दाराला कडी लाव."

"मावशी," मी म्हटलं, "कडी नाहीये."