न आलेला मिस कॉल

वलगावच्या मनकर्णाबाईंना फोनवर बोलणं म्हणजे उधळपट्टी वाटते. एकटीच्या हाताने एकरभर शेवंती उभी करतात. पहाटे फुलं तोडून झाली की एक रिंग द्यायची आणि फोन कापायचा. आमच्या शेतकरी गटातले सगळेच फूलवाले असं करतात. मिस कॉल आला म्हणजे फुलं तयार आहेत, गाडी पाठवा.

हे मिस कॉल बघायचं काम गटातल्या म्हाताऱ्या नत्थुजींकडे होतं. मी अमरावतीत कॉम्प्युटर शिकून आलेला दीडशहाणा. त्यांच्या जागी मी एआय एजंट बसवला. मिस कॉल आला की तो आपोआप कामाला लागणार, नंबरवरून माणूस ओळखणार, गाडीवाल्याला पत्ता धाडणार, बाजारात व्यापाऱ्याला कळवणार. मधे कोणी हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी सगळं सुरळीत चाललं तेव्हा गटाने टाळ्या वाजवल्या आणि मी फुगलो.

नत्थुजींनी एकच विचारलं, "शेखर, अन ज्याचा फोन येत नाई, त्याचं कसं?"

"फोन नाई तं फुलं नाईत. मंग काम काय, नत्थुजी?" मी हसलो.

ज्यांची रिंग आली नाही त्यांना नत्थुजी आधी रोज सकाळी सहा वाजता स्वतः फोन लावायचे. "काहून, तब्येत बरी नाई का?" म्हणून विचारायचे. उचलला नाही तर सायकल काढायचे. हे मला ठाऊक होतं, पण मी ती म्हाताऱ्याची गप्पांची हौस समजलो. एजंटला ते शिकवलंच नाही.

कार्तिकातल्या एका पहाटे मनकर्णाबाई पाटात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. फोन राहिला बांधावरच्या पिशवीत. अकरा वाजता शेजारच्या पार्वताबाई गवताला आल्या, त्यांना कण्हणं ऐकू आलं. त्या सकाळी मी स्क्रीन पाहिली होती. सगळी कामं पूर्ण, चूक एकही नाही. मग मी निवांत चहा घेतला होता.

सहा वाजल्यापासून पाच तास ती बाई ओल्या मातीत पडून होती, ते माझ्यामुळे.

दवाखान्यात गेलो. माफी कशी मागावी याची जुळवाजुळव करत खाटेजवळ उभा राहिलो, तर त्यांनीच माझा हात धरला. चेहरा ओशाळलेला.

"बापा शेखर, त्या दिवशी मले रिंग देता नाई आली. माह्यापायी गाडी खोळंबली असन नं? लय वाट पाह्यली असन तुमी."

हो म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. मलाही सुटल्यासारखं झालं असतं.

"नाई मावशी," मी म्हणालो. "कोणीच वाट पाह्यली नाई."

त्यांनी माझा हात सोडला.