पास झालेल्या बसचा ड्रायव्हर

हनुमंत शाळेची बस चालवतो. करंजी घाटावरच्या वस्त्यांतली पोरं सकाळी घाटाखालच्या शाळेत न्यायची, संध्याकाळी परत आणायची. बस काकासाहेबांची. माणूस वाईट नाही, पण खर्चाचं नाव काढलं की त्यांना ऐकू येत नाही.

पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या, आधी आमच्याकडे सगळेच करतात ते हनुमंतनंही केलं. ब्रेक आवळून घेतले, बस धुतली, चाकापुढं नारळ फोडला. सपाट मैदानात आरटीओच्या साहेबांनी रिकामी, गार बस पळवली आणि ब्रेक दाबला. बस जागच्या जागी उभी राहिली. झाली पास! साहेबांना तरी काय बोल लावायचा? चाक खोलून ब्रेकचे लायनर किती झिजलेत ते बघणं त्यांच्या कामात नव्हतं, आणि घाट काही मैदानात आणता येत नाही.

भरली बस घाट उतरू लागली की ब्रेक तापतात आणि पॅडल खाली खाली जातं. हनुमंत दुसऱ्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून उतरतो.

"मालक, लायनर संपल्यात. बदलाया पायजेत."

"आरं, आत्ताच पास झालीय न्हवं? तू सायबापेक्षा शाना व्हय?"

नोकरी सोडावी तर नवा ड्रायव्हर येणार, आणि त्याला या पॅडलची सवय कुठली? वस्तीवर बोलावं तर पोरांची शाळा बुडणार. त्यात हनुमंतची लेक अश्विनी याच बसमध्ये. आयाबाया म्हणायच्या, हनुमंत स्वतःची पोरगी बसवतो, मग आपल्याला कसली काळजी!

सोमवारी एका वळणावर पॅडल तळाला टेकलं. हँडब्रेक ओढून, बस डोंगराच्या अंगाला घासत त्यानं कशीबशी थांबवली. पोरांना गंमत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या. काकासाहेबांनी काय करावं? ब्रेक पुन्हा आवळून दिले. अशा माणसाच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

मंगळवारी अश्विनी बसमध्ये नव्हती. नातवाला चढवता चढवता बनुबाई थबकल्या.

"हनुमंता, पोरगी कुठं हाय रं?"

ताप आलाय, असं सांगायचं त्यानं घरूनच ठरवलं होतं. पण मागं पोरं खिडकीसाठी भांडत होती, आणि त्याच्या तोंडून ते निघेना.

"घरी ठिवली, मावशी. या गाडीत न्हाई बसवायचो मी तिला."

बनुबाईंनी नातवाला दंडाला धरून खाली घेतलं.

"आन् आमची न्यायला निघाल्तास व्हय?"

हनुमंतनं इंजिन बंद केलं.