हाकेवाली बाई

तिचा आवाज आधी यायचा, मग ती दिसायची. चामोर्शीकडून आमच्या गावाला येणाऱ्या वाटेवर, नाल्याच्या काठी तिचं घर होतं. नाला भरला की अडकलेल्या वाटसरूंना ती ओसरीवरूनच हाक मारी, "पानी उतरू द्या जी! तवरिक इथी या!" सगळे तिला हाकेवाली बाईच म्हणत. तिचं खरं नाव विचारायचं मला कधी सुचलं नाही.

मी तेव्हा चांदा जिल्ह्यात नवा मास्तर होतो आणि मला सगळं कळतं अशी माझी खात्री होती. बायकोला दिवस भरत आले होते. सासूबाईंनी तिला उन्हाळ्यातच माहेरी पाठवा म्हणून निरोप धाडला होता. पण मी मुहूर्त, हवामान आणि बैलांचा वेग यांचा विचार करून भर श्रावणात निघालो. नाल्याशी पोचलो तेव्हा पाणी काठाला लागलं होतं आणि बायकोला कळा सुरू झाल्या होत्या.

"गाडी घाल पाण्यात!" मी गाडीवानाला फर्मावलं.

त्यानं शांतपणे बिडी पेटवली. "तुमी पवून जा, मास्तर. बाईले मी इथीच ठेवतो."

एवढ्यात ती हाक आली.

आम्ही कोण, कुठले, हे बाईनं विचारलंच नाही. तिनं बायकोला आधार देऊन आत नेलं, पावसाळ्यासाठी माळ्यावर जपलेलं कोरडं सरपण सगळंच्या सगळं खाली काढलं आणि सुईणीला हाक मारली. ती हाक ऐकून सुईणीबरोबर निम्मं गाव आलं. कोणी दूध आणलं, कोणी तांदळाची पेज. जंगलाकडच्या पाड्यावरचा एक गोंड म्हातारा पानाच्या द्रोणात मध घेऊन आला.

"ही माणसं कोण?" मी गाडीवानाला विचारलं.

"मले का मालूम? पूर हाय, येऊन राह्यले."

तेवढ्यात आतून बायकोची किंकाळी आली. आपण धीर द्यायला हवा, म्हणून मी बाणेदारपणे उभा राहिलो. त्यानंतरचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी ओसरीखालच्या चिखलात होतो आणि माझ्या नाकाशी फोडलेला कांदा होता.

"उठा जी," बाई म्हणाली. "पोट्टी झाली. मायलेकी खुशाल हायेत. घोर तुमचाच लागला होता."

सगळ्या बाया हसल्या. आतून बायकोचंही हसू ऐकू आलं.

दोन हिवाळ्यांनंतर आम्ही लुगडं घेऊन तिच्याकडे गेलो. मी गाडीत आभाराचं भाषण घोकत होतो.

"कोन तुमी?" तिनं विचारलं.

मी पूर, गाडी, बाळंतीण बायको, सगळं सांगितलं. ती ओशाळून म्हणाली, "पुरात लगित जन येतेत जी. बारतीनही येतेच एकादी."

मी भाषणाचा नाद सोडला. शेवटी मी हळूच म्हणालो, "मी बेशुद्ध पडलो होतो."

"अरे बाप्पा! थो मास्तर!" तिचा चेहरा उजळला आणि तिनं गावाला हाक मारली. पुन्हा बाया जमल्या आणि त्यांनी मला डोळे भरून बघून घेतलं.

बायकोनं लुगडं तिच्या खांद्यावर घातलं. बाईनं ते गालाला लावून पाहिलं, नीट घडी केली आणि फळीवर ठेवलं.

"अहो, नेसा ना," बायको म्हणाली.

"लगित नरम हाय," ती म्हणाली. "पुरात कोनी बारतीन आली, त लेकराले गुंडाळाले होईल."