चौकटीवरचा हात

स्त्री आणि पुरुष यांच्यातली सीमारेषा न मानणारा मनुष्य मी सोलापुरात एकच पाहिला. आणि तो सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत असे. सत्तरच्या दशकात त्याला सारे पेंटर म्हणत; मीही तेच म्हणे. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि ब्रश दातांत असला म्हणजे कोणालाच न कळणारी तिसरी भाषा. त्याच्या नायकांना लांब पापण्या असत, नायिकांना पैलवानाचे खांदे. थिएटरच्या मॅनेजरने एकदा विचारले, "पेंटर, हिरोचे ओठ लाल कशाला केले?" हात न थांबवता पेंटर म्हणाला, "मग बाई त्याच्याकडं बघतीया ती उगंच व्हय?" नवी पेठेतल्या चहाच्या हॉटेलात अर्धनारीनटेश्वराचे कॅलेंडर होते. त्याखाली बसला की तो हटकून चिडे. "मधी रेघ कशाला वढली? कुटनं कुटवर बाई हाय, ते देवाला तरी ठावं हाय काय?" जुन्या चित्रांत राधेचा आणि कृष्णाचा चेहरा पुष्कळदा एकच असतो, फक्त रंग आणि वस्त्रे बदलतात, हे मला त्यानेच दाखवले. मी शाळेत इतिहास शिकवीत असे. तोवर चित्रांतल्या लढायाच पाहत आलो होतो.

एका दुपारी त्याला विरहिणी हवी होती. "मास्तर, दारात उभं ऱ्हावा की जरा. वाट बघताय असं."

"कोणाची?"

"ते तुमचं तुमाला ठावं."

मी चौकटीवर उजवा हात ठेवून उभा राहिलो. त्याने माझ्याकडे जितका वेळ पाहिले, तितका वेळ त्याआधी कोणी पाहिले नव्हते. फलक लागला. चेहरा नटीचा, हात माझा. लहानपणी मोडून वाकडी राहिलेल्या करंगळीसकट. त्यानंतर गावात आलेल्या प्रत्येक नायिकेची करंगळी वाकडी निघू लागली. आमच्या शाळेचे हेडक्लार्क म्हणाले, "हल्ली नट्यांच्या हातांना काय झालंय हो?" मी हात खिशात घातला.

पुढे हैदराबादेहून त्याला कामाचे बोलावणे आले. ते मला हॉटेलात सांगून तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याने जाऊ नये, असे मला वाटत होते. मी म्हणालो, "काम चांगलं आहे."

"व्हय की," तो म्हणाला. आम्ही चहा संपवला.

त्याचा शेवटचा फलक डाकूंच्या सिनेमाचा. फलक वर चढला आणि मॅनेजरने कपाळाला हात लावला. दऱ्याखोऱ्यांत, घोड्यांच्या टापांशेजारी, एक दाराची चौकट होती आणि तिच्यावर एक हात. बाकीचे माणूस नव्हते. "पेंटर, हा कुणाचा हात?"

"ऱ्हाऊ द्या. वाट बघतोय त्यो."

"कुणाची?"

पेंटरने ब्रश पुसले. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. "त्याचं त्याला ठावं," म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

डाकू बरेच दिवस चालले. तोवर मी शाळेला लांबच्या वाटेने, थिएटरवरून जात असे. मग सिनेमा उतरला, आणि नव्या पेंटरने रिवाजाप्रमाणे त्याच कापडावर पांढरा रंग फासून पुढचा सिनेमा रंगवायला घेतला. त्यातल्या नायिकेची करंगळी सरळ होती.

आता वय झाले. दार उघडून उभा राहिलो की उजवा हात आपोआप चौकटीवर जातो. कोणी विचारलेच, तर वाऱ्याला उभा आहे, असे सांगतो.