चांद्याच्या कपाळावरचा चांद

"आधी चावी इकडं," म्हणत अप्पांनी माझ्या स्कूटीची चावी काढूनच घेतली.

आष्टीच्या शिवारात त्यांच्या बांधावर मी इझलच्या तिकाटण्यावर कॅनव्हास लावून बसलो होतो. जालन्यातल्या एका हॉटेलमालकाला रिसेप्शनसाठी मोठं ऑइल पेंटिंग हवं होतं, शिवारात चरणारे बैल. नुसत्या फोटोवरून काढलं की बैल वरून चिकटवल्यासारखा दिसतो. मातीवरचा उजेड त्याच्या पोटाखाली कसा पडतो, ते जागेवरच बघावं लागतं. म्हणून मी सकाळपासून अप्पांच्या बैलाच्या पोटाखाली बघत होतो. नुकतीच शेजारच्या आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या गोठ्यावरून, बैलजोडी चोरीला गेली होती, हे मला काय माहीत!

"पोटाखाली काय बघून राह्यले?"

"चित्र काढतोय, अप्पा."

"मंग बैल कुठंय यात?"

बैल नव्हताच. ऑइलमध्ये आधी पातळ तपकिरी रंगाने नुसते उजेड-सावलीचे डाग घालतात. त्याला अंडरपेंटिंग म्हणतात. अप्पांना तो आखाड्याचा नकाशा वाटला. ते पोलीस पाटलाला फोन लावू लागले. माझी पाचावर धारण बसली. पद्धत गुंडाळून ठेवली आणि थेट बैलाचं तोंड रंगवलं. तांबडा रंग, आत वळलेलं शिंग, कपाळावर पांढरा चांद.

अप्पा बघत राहिले. "चांद्याच हाय. बिलकुल हुबेहूब." मग पुन्हा कपाळाला आठ्या. "म्हंजे चोराला घरबसल्या बैल पसंत करता येईन. चांद पुसा. मोबाईलमधले फोटोबी काढून टाका. आम्ही सोता काढत न्हाई, दृष्ट लागते."

मनातून फार चिडलो, पण चांद पुसला, फोटो डिलीट केले. चावी परत देताना माझा नंबरही लिहून घेतला त्यांनी. संशय काही फिटला नव्हता.

चित्र हॉटेलात लागलं. काही महिन्यांनी अप्पा जुन्या जालन्यात माझं घर शोधत आले.

"चांद्या नेला हो चोरट्यांनी. पोलीस खुणंचा फोटो मागून राह्यले. तुमच्याकडं आसंल ना एखादा?"

"तुम्हीच डिलीट करायला लावले, अप्पा."

मग मला हॉटेलातलं चित्र आठवलं. त्यात चांद्या होता, फक्त चांद नव्हता.

आम्ही हॉटेलात गेलो. मालकाला सगळं सांगितलं. मी स्टुलावर चढून पांढरा रंग लावू लागलो, अप्पा खालून सांगत होते, "जरा डावीकडं. खाली निमुळता." मग म्हणाले, "हां, बराबर."

त्या चित्राचा फोटो घेऊन अप्पा पोलिसांकडे गेले, कितीतरी बैलबाजार हिंडले. चांद्या सापडला नाही.

संशय जरूर घ्यावा. पण आपल्या जनावराचा एक फोटो आधी आपल्या घरात ठेवावा.