भाऊसाहेबांनी न ऐकलेलं अपील

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी फरसबी मोडत होते आणि सुमनबाई कणीक मळत होत्या. फोन माझ्या मुलीने, नंदाने, उचलला. ती नर्स आहे. अशा बातम्या द्यायची तिला सवय आहे, घ्यायची नाही. रिसीव्हर ठेवून ती नुसती उभी राहिली. सुमनबाईंनी तिच्याकडे पाहिलं, पिठाचे हात तसेच परातीत राहू दिले आणि म्हणाल्या, "ऐकलं नाहीच शेवटी." रडल्या नाहीत. कणकेला तेलाचा हात लावला, वर ताटली झाकली, मग हात धुतले. नंदाला वाटलं, धक्क्याने काहीतरी बोलून गेल्या. मला तसं वाटलं नाही. काय ऐकायचं राहिलं होतं ते या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं...

गेलेले माझे व्याही, दत्तात्रेय पळसुले. नंदाचे सासरे, सुमनबाईंचे यजमान. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. इथल्या मराठी लोकांनी शोकसभा घेतली, तिथे जो तो उठून म्हणाला, माणूस म्हणजे देव होता. मी काही बोलले नाही, कारण मागे चहा उकळत होता आणि लोकांचं लक्ष तिकडे होतं. आता महिना होऊन गेला आहे, म्हणून लिहिते. देव नव्हते. सरळ होते. सरळ तर पहारही असते. पायावर पडली की कळतं.

माझा जावई अजित फार्मसिस्ट आहे. इथलं सरकार पॉइंट मोजून परदेशी माणसं घेत होतं तेव्हा तो नंदाला घेऊन ऑकलंडला आला आणि हेन्डरसनला घर घेतल्यावर त्याने आईवडिलांना बोलावलं. मी विधवा. नंदाच्या बाळंतपणाला आले आणि राहिलेच. मुलीच्या घरी आईने राहायचं, तेही व्याही-विहिणीसोबत एका छपराखाली, हे आमच्या गावात कुणी ऐकलं असतं तर तोंडाला पदर लावून हसलं असतं. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात घुटमळत होते, तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "विहीणबाई, हे घर तुमच्या मुलीचं आहे. पाहुणे आम्ही. बसा." ते वाक्य मी विसरलेले नाही. त्यांच्या खात्यावर ते जमा आहे आणि जमाच राहील.

तिकडे ते प्रांत होते. तहसीलदाराच्या निकालावर लोक अपिलात येत, ती अपिलं ऐकायची. एका शेतकऱ्याने त्यांच्या जीपमध्ये न विचारता भोपळा ठेवला आणि तो परत करायला ते अर्ध्या वाटेवरून मागे फिरले, ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली, की तो भोपळा आता माझ्या ओळखीचा झाला आहे. "दोन्ही बाजू समोर बसल्याशिवाय मी कधी निकाल दिला नाही," असं म्हणून ते गोष्ट संपवत. सुमनबाई दर वेळी मान डोलावत. नवऱ्याचा त्यांना फार अभिमान होता.

पण इथे कुणाचं अपील? सून आणि मुलगा कामावर, नात शाळेत. भाऊसाहेब पुढच्या उन्हाच्या खोलीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर मोठ्याने वाचत. "आजोबा, व्हाय आर यू रीडिंग द कार्स?" असं नातीने विचारलं, तर म्हणाले, "दुसरं काही वाचायला येत नाही म्हणून." हळूहळू दाढी करायची सोडली. मग आंघोळीला टाळाटाळ. एकदा पायजम्यावरच कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानापर्यंत, गेले आणि दुकानदाराने हाताला धरून घरी आणून सोडलं, त्याला वाटलं म्हातारा वाट चुकला. त्या दिवशी सुमनबाई न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. नळाने काही झाकलं जात नाही, लाकडी घरं आहेत इथली.

त्याच सुमाराला नंदाने फुकट येणाऱ्या पेपरात एक जाहिरात पाहिली. एका कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, नाव लिहीत नाही, नवा नियम केला होता. दारूच्या दुकानाचा परवाना हवा, मोठी बिल्डिंग बांधायची, अशा कामांसाठी काही लोक दुसऱ्यांच्या वतीने नगरसेवकांच्या मागे लागतात. आपल्याकडे त्याला शब्द टाकणं म्हणतात, इथे लॉबिंग म्हणतात. अशा लोकांनी यापुढे नाव नोंदवायचं आणि कोणाला कशासाठी भेटलो ते उघड सांगायचं. ऑफिसने कोणाचं नाव नाकारलं किंवा कोणाला बंदी घातली, तर त्याने अपील करायचं. ते ऐकायला कौन्सिलच्या बाहेरचे, कोणाशी लागेबांधे नसलेले अधिकारी हवे होते.

"बाबा, हे तुमचंच काम आहे," नंदा म्हणाली.

भाऊसाहेबांनी चष्मा पुसून जाहिरात वाचली, पुन्हा वाचली आणि उठून दाढी केली. एवढंच सांगते. नोकरीचं तर पुढचं पुढे, पण त्या सकाळी त्यांनी दाढी केली आणि सुमनबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

मुलाखतीला ते तिकडून आणलेला कोट घालून गेले. परत आले ते वीस वर्षांनी तरुण होऊन. रात्रीच्या जेवणाला सगळे बसलो होतो. समोर तीन माणसं होती, सांगू लागले, काय प्रश्न, काय अदब! शेवटी विचारलं, आमच्यापैकी कोणाला तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी ओळखतं का? "मी ठणकावून सांगितलं, नाही. या देशात मी कोणालाच ओळखत नाही. याहून स्वतंत्र माणूस तुम्हाला कुठे मिळणार? हसले सगळे. अध्यक्ष एक बाई आहेत. उंच, पांढरे केस, गळ्यात हिरवा दगड. मार्गरेट म्हणून..."

"अहो, ती तर आमच्या..." सुमनबाई म्हणाल्या.

"सुमन, माणूस बोलत असताना मध्ये बोलू नये."

भाऊसाहेब पुढे बोलत राहिले, भात निवेपर्यंत.

मार्गरेट सुमनबाईंच्या बुधवारच्या वर्गातली शिक्षिका होती. चर्चच्या हॉलमध्ये ती बाहेरदेशच्या बायकांना इंग्रजी शिकवायची, दुकानात काय बोलायचं, डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं. मी एकदा गेले, 'हाऊ आर यू'ला 'गुड' म्हणायचं एवढं शिकले, तेवढं पुरलं. सुमनबाई वर्षभर गेल्या. तिथे सगळ्या नावानेच हाका मारत, आडनाव कोणी विचारत नसे. भाऊसाहेबांनी तर बायको बुधवारी कुठे जाते हेही कधी विचारलं नव्हतं. सुमनबाई खोकल्याने आजारी होत्या तेव्हा मार्गरेटने प्लॅस्टिकच्या डब्यातून स्कोन, इथले छोटे गोडसर पाव, पाठवले होते. तो डबा फ्रिजवर पडून होता.

रिकामा डबा परत करायचा नसतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सुमनबाईंनी बेसनाचे लाडू वळले. प्लॅस्टिकला वास लागतो म्हणून स्वतःच्या स्टीलच्या डब्यात भरले, आणि मार्गरेटचा डबा तरी रिकामा कसा द्यायचा, म्हणून चार त्यातही ठेवले. मी सोबत गेले. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढले नाही, फाटकाशी उभी राहिले. मार्गरेट हसत दार उघडून आली. डबे घेतले, वास घेतला, "लव्हली, सुमन," म्हणाली. इथवर सगळं ठीक होतं. मग सुमनबाई वळल्या, आणि पुन्हा मागे फिरल्या.

"माय हजबंड, मिस्टर पळसुले," त्या म्हणाल्या. "व्हेरी ऑनेस्ट मॅन. प्लीज."

मार्गरेटचं हसू ओठांवर होतं तिथेच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. मी एवढ्या लांबून पाहिलं.

आठवड्याने भाऊसाहेबांना पुन्हा बोलावणं आलं. त्यांना वाटलं, नेमणूक. कोटाला इस्त्री झाली. तिथे काय घडलं ते त्यांनी संध्याकाळी अजितला सांगितलं, आम्ही ऐकावं म्हणून मोठ्याने. टेबलावर स्टीलचा डबा ठेवलेला होता. हा ओळखता का, असं विचारलं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, ते त्या तिघांना वाचता येत नव्हतं. भाऊसाहेबांनी डबा फिरवला आणि स्वतःच वाचून दाखवलं... सुमन द. पळसुले. मग मार्गरेट म्हणाली, आम्ही विचारलं तेव्हा घरातलं कोणी ओळखत नाही असं तुम्ही सांगितलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं यावर आमचा विश्वास आहे. पण ज्या गोष्टीला आळा घालायला हा नियम केला, तीच गोष्ट निवडीच्या आधीच आमच्या दारात आली. आम्हाला तुमची निवड करता येणार नाही. सगळे उठून उभे राहिले, हात मिळवला, डबा परत दिला. रिकामा नव्हता. तिच्या झाडाचे फिजोआ, पेरूसारखं इथलं हिरवं फळ, भरून दिले होते. डबा रिकामा द्यायचा नसतो हे तिला सुमनबाईंनीच वर्गात शिकवलं होतं.

भाऊसाहेब बसने आले नाहीत, डबा हातात घेऊन चालत आले. फिजोआ एकेक करून कचऱ्यात टाकले आणि डबा सुमनबाईंच्या पायाशी ठेवला.

"तीस वर्षं मी खुर्चीवर बसलो. आज आरोपी म्हणून बसलो. माझ्याच भांड्यासमोर."

"अहो, माझं ऐकून तर घ्या. मी त्या रात्री सांगणार होते..."

"या प्रकरणात ऐकण्यासारखं काही नाही."

त्यानंतर चार वर्षं जगले, पण बायकोशी थेट बोलले नाहीत. "विहीणबाई, त्यांना सांगा, चहा हवा." "विहीणबाई, त्यांना विचारा, माझा मफलर कुठे आहे." सुमनबाई समोर उभ्या असायच्या. मी म्हटलं, "मी काय तुमची पट्टेवाली? हाका मारायला ठेवलंय मला?" तर हसून म्हणाले, "तुमच्याइतका दमदार आवाज एकाही पट्टेवाल्याचा नव्हता." माझ्याशी विनोद चालायचे. एक दिवस निरोप आला, या घरात बेसन भाजायचं नाही. दिवाळीलाही भाजलं नाही. अजित एकदा मध्ये पडला, तर त्याच्याशीही आठ दिवस अबोला. मग त्याने सोडून दिलं. पोरं सोडून देतात.

आणि गंमत ऐका. त्याच काळात भाऊसाहेब कामाला लागले. आपल्या लोकांत भांडणं काही कमी नाहीत. मनुरेवाला एकाच घरात भाड्याने राहणारी दोन कुटुंबं कपडे वाळत घालायच्या दोरीवरून हातघाईवर आली होती, त्यांना कोणीतरी भाऊसाहेबांकडे पाठवलं. त्यांनी उन्हाच्या खोलीत टेबल मांडलं, आपली खुर्ची पलीकडे, दोन खुर्च्या अलीकडे. दोन्ही बायकांना शेजारी शेजारी बसवलं, एकीला बोलू दिलं, दुसरीला थांबवलं, मग उलट. सकाळची दोरी एकीची, दुपारची दुसरीची, पावसाचा दिवस दोघींचाही नाही. दोघी हसत गेल्या. मग लोक येतच राहिले. त्या टेबलावर ते चहाचा कपसुद्धा ठेवू देत नसत. ऐकणाऱ्यापुढे खाण्यापिण्याचं काही असू नये म्हणत. चहा सुमनबाई करायच्या आणि बाहेर पायरीवर द्यायच्या. त्या दोन खुर्च्यांवर शहरातली माणसं बसून गेली. बायकोला कधी बसवलं नाही.

मी एकदा बोलले. "भाऊसाहेब, लाडू पाठवणं चूक नव्हतं, डबा परत करायचा होता. ते एक वाक्य बोलणं चूक होतं. पण त्या रात्री तुम्ही त्यांना बोलू दिलं असतंत, तर बायको मार्गरेटला ओळखते हे तुम्हीच दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं असतं. त्या कोणाला ओळखतात हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, कारण तुम्ही कधी विचारलं नाही."

त्यांनी पेपर खाली केला. "विहीणबाई, तुम्ही चौथी शिकलात. कायद्यातलं तुम्हाला कळायचं नाही."

"खरं आहे," मी म्हटलं, आणि उठले. पेपर पुन्हा वर गेला, पण पान काही उलटलं नाही.

शेवटचे दिवस हॉस्पिटलात. छाती भरली होती, पण शुद्ध होती, बोलणं होतं. सुमनबाई रोज दुपारी कॉटशेजारच्या खुर्चीवर बसत. आदल्या दिवशी मीही होते. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी मी डबा द्यायला गेले ना, तेव्हा मनात..."

भाऊसाहेबांनी डोळे मिटले.

"झोपले वाटतं," सुमनबाई म्हणाल्या.

झोपलेल्या माणसाच्या पापण्या अशा थरथरत नाहीत. मी ते पाहिलं. सुमनबाईंनीही पाहिलंच असणार. त्यांनी पांघरूण नीट केलं आणि आम्ही बस पकडली. पहाटे ते गेले.

अजित परवा म्हणाला, उन्हाच्या खोलीतलं टेबल-खुर्च्या ऑप शॉपला, जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानाला, देऊन टाकू, जागा मोकळी होईल. सुमनबाई "नाही" म्हणाल्या. एवढं ठाम त्या या घरात पहिल्यांदाच बोलल्या. काल सकाळी उठले तर घरभर बेसनाचा वास. चार वर्षांनी. आधी ओळखूच आला नाही. खोलीत गेले तर सुमनबाई अलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या, आणि ज्या टेबलावर कधी चहाचा कप ठेवू दिला नाही, तिथे, भाऊसाहेबांच्या खुर्चीसमोर, तोच स्टीलचा डबा. नाव खुर्चीच्या बाजूला केलेलं.

"बसा," त्या मला म्हणाल्या.

मी दुसऱ्या खुर्चीवर बसले. एक लाडू खाल्ला. "बेसन कच्चं राहिलंय," मी सांगितलं.

"राहणारच," त्या म्हणाल्या. "हाताची सवय गेली." आणि डबा माझ्याकडे न सरकवता आणखी थोडा पलीकडे, रिकाम्या खुर्चीकडे सरकवला.